हातच्या दागिन्याचें मोल

सातारा-सांगलीकडच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवी हौस चांगलीच रुजलेली दिसते. पूर्वीं दुपारच्या निवांत वेळीं आमच्या आया-आज्या मण्यांचीं तोरणें करीत, कशिदा काढीत किंवा लोकर विणीत. आतां त्याच दुपारीं त्यांच्या लेकी-सुना अकीक, स्फटिक, पिरोजा अशा रंगीत खड्यांच्या माळा ओंवतात, चांदीच्या तारेंत मणी गुंफून कानांतलीं करतात, आणि दिवाळी-संक्रांतीच्या सुमारास गांवांत भरणाऱ्या एखाद्या प्रदर्शनांत टेबल मांडून तीं विकावयास बसतात. ही गोष्ट निःसंशय कौतुकाची आहे. परंतु या सदरांत आपण कौतुकाचा नव्हे, तर जमाखर्चाचा विचार करीत असतों. आणि त्या दृष्टीनें पाहतां या उद्योगांत एक मोठी उणीव राहून जाते. ती उणीव मालाची नाहीं, कौशल्याची नाहीं. ती किंमतीची आहे.

गिऱ्हाइकानें माळ उचलून “केवढ्याला?” म्हणून विचारलें कीं विकणारीचा चेहरा गोरामोरा होतो. “द्या काय द्यायचें तें,” असें तरी ती म्हणते, किंवा मनांत ठरविलेला आंकडा ओंठांशीं येईपर्यंत दोनशेंनीं उतरवून सांगते. यांत तिचा एकटीचा दोष नाहीं. वैद्यानें औषधाचे, भिक्षुकानें दक्षिणेचे आणि शास्त्र्यानें विद्येचे पैसे तोंडानें मागूं नयेत, हा आपल्या घरांतला जुना शिष्टाचार. देणारानें यथाशक्ति द्यावें आणि घेणारानें मान खालीं घालून घ्यावें. पण हा शिष्टाचार ज्या काळीं शोभला, त्या काळीं त्याच्या पाठीशीं वतन होतें, इनाम होतें, वर्षासन होतें. आज प्रदर्शनाच्या जागेचें भाडें कोणी यथाशक्ति घेत नाहीं, आणि मण्यांचा व्यापारी तर मुळींच घेत नाहीं.

विकणारीला सर्वांच्या आधीं आपण काय विकतों हें ठाऊक पाहिजे. अकीक म्हणजे कांहीं परक्या मुलुखांतली अपूर्व वस्तु नव्हे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा झालेला आहे. तो रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें त्या पोकळ्यांतून झिरपणाऱ्या पाण्यानें सिलिकेचे थरावर थर सांचविले, आणि त्यांचेच पट्टेदार अकीक झाले. पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथांत असा उल्लेख आहे कीं, पैठणाहून असे दगड पुष्कळ प्रमाणांत गाड्यांवर घालून भडोच बंदराकडे नेले जात. म्हणजे महाराष्ट्राच्या दगडाला सुमारें २००० वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडे गिऱ्हाईक होतें. आज जे घडलेले मणी बाजारांत मिळतात, त्यांतले पुष्कळसे गुजराथेंतील खंबायतेस घडतात. तेथें रतनपूरच्या खाणींतला दगड भट्टींत तापवितात. त्यांतील लोहाच्या अंशामुळें तो तांबडा होतो, आणि मग फोडून, घासून, भोंक पाडून व झिलई देऊन त्याचा मणी होतो.

या मण्याच्या इतिहासांत एक दुःखाची बाजूही आहे. कोरड्या चाकावर दगड घासतांना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुफ्फुसांत बसते व त्यास सिलिकोसिस नांवाचा रोग जडतो. तो एकदां जडला म्हणजे बरा होत नाहीं. खंबायतच्या अकीक कारागिरांत हा रोग वैद्यकीय तपासण्यांतून वारंवार आढळून आला आहे. घासतांना पाण्याची धार सोडली किंवा धूळ ओढून घेणारें यंत्र बसविलें, तर धोका पुष्कळ कमी होतो. पण त्याला खर्च लागतो. प्रदर्शनांत आपण जेव्हां “अहो, साधा दगड तर आहे, पन्नास रुपये कमी करा” म्हणून हटून बसतों, तेव्हां ते पन्नास रुपये कोठून तरी यावयाचे असतात. ते विकणारीच्या नफ्यांतून येतात, नाहीं तर ती मण्यांच्या व्यापाऱ्याकडे घासाघीस करते, व्यापारी कारखानदाराकडे करतो, आणि सर्वांच्या शेवटीं चाकापुढें बसलेला माणूस उरतो. त्याला पुढें घासाघीस करावयास कोणी नसतें.

मालाचें खरें नांव सांगणें हाही किंमतीचाच भाग आहे. बाजारांत मिळणारा काळाभोर ‘ऑनिक्स’ बहुधा रंगविलेला अकीक असतो. साखरेच्या पाण्यांत मुरवून नंतर तेजाबाची प्रक्रिया केली म्हणजे त्यास तो रंग येतो. स्वस्तांतला पिरोजा पुष्कळदां हाउलाइट नांवाचा पांढरा दगड निळा रंगवून केलेला असतो. ‘जर्मन सिल्व्हर’मध्यें तर चांदीचा कणही नसतो, तें तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण होय, आणि निकेलानें कांहीं जणींच्या कानांना खाज व पुरळ येतो. रंगविलेला दगड विकणें हें पाप नव्हे. पण ‘रंगविलेला’ असें चिठ्ठीवर न लिहितां विकणें ही लबाडी आहे, आणि ती एकदां उघडकीस आली म्हणजे तुमच्या खऱ्या मालावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं. चांदी असेल तर शेंकडा ९२.५ शुद्धतेची आहे कीं कमी, हें विकत घेतांनाच विचारून ठेवावें.

आतां मुख्य हिशेब. तो आंकड्यांनींच केला पाहिजे, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. आपापल्या गांवचे भाव घालून ज्याचें त्यानें तें पुन्हा मांडावें.

समजा, सांगलीच्या एका सूनबाईंनीं अकिकाची माळ केली. मण्यांची लड २४० रुपये. चांदीचा फासा व आंकडा १६० रुपये. रेशीम, डबी व चिठ्ठी ४० रुपये. एकूण ४४० झाले. आमच्या भगिनी बहुधा येथेंच थांबतात आणि म्हणतात, “चारशें चाळीस लागले, सहाशेंला विकली, एकशें साठ सुटले.” हें सुटणें खरें आहे काय, तें पाहूं.

लडींतले सगळेच मणी उपयोगी पडत नाहींत. कांहींचीं भोंकें वांकडीं, कांहींना तडे, कांहींचा रंग जुळत नाहीं. ही घट शेंकडा १० धरली तर २४ रुपये होतात. म्हणजे माल ४६४ रुपयांचा झाला. माळ करावयास अडीच तास लागले. तासाचे ८० रुपये धरले तर मजुरी २००, आणि बेरीज ६६४. पुढें प्रदर्शन. तीन दिवसांचें जागेचें भाडें समजा ४,५०० रुपये, आणि जाण्यायेण्याचा, हमालीचा व जेवणाखाण्याचा खर्च १,५०० रुपये, एकूण ६,०००. तीन दिवसांत ४० नग खपतील असा अंदाज असला तर नगामागें १५० रुपये पडले. बेरीज ८१४. त्यावर शेंकडा २० नफा, म्हणजे सुमारें १६३ रुपये. हा नफा चैनीचा नव्हे. न खपलेला माल, फुटलेला आरसा, पावसानें वाया गेलेला दिवस आणि पुढच्या खेपेच्या मण्यांचें भांडवल हें सारें त्यांतूनच निघावयाचें असतें. म्हणजे माळेची किंमत सुमारें ९८० रुपये झाली.

आतां सहाशेंच्या विक्रीकडे पुन्हा पहा. ६०० रुपयांतून माल व घट मिळून ४६४ गेले, प्रदर्शनाचे १५० गेले. मजुरीचा एक पैसाही न धरतां १४ रुपये पदरचे गेले. असे ४० नग खपले तर ५६० रुपये बुडाले, आणि शंभर तासांचें काम फुकट गेलें. शिवाय ‘माल हातोहात खपला’ म्हणून घरीं पेढे वांटले ते वेगळेच! खप मोठा आणि तोटाही मोठा, हा प्रकार हिशेब न ठेवणारांच्याच वांट्यास येतो.

उलट ९८० रुपये किंमत ठेवली आणि अंदाज चुकून ४० च्या जागीं २० च नग खपले, तर काय होईल? प्रदर्शनाचा खर्च नगामागें ३०० रुपये पडेल. माल ४६४, मजुरी २०० आणि हे ३०० मिळून ९६४. म्हणजे नगामागें १६ रुपये तरीही शिल्लक राहतील. योग्य किंमत म्हणजे केवळ चांगल्या दिवसाची मिळकत नव्हे. वाईट दिवशीं ती विकणारीला तारते.

दुकानांत माल ठेवावयाचा असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. दुकानदार विक्रीच्या रकमेंतून शेंकडा ४० ठेवून घेणार असेल, तर ९८० पैकीं आपल्या हातीं ५८८ च येतील. प्रदर्शनाचा खर्च वांचला हें खरें. पण माल व मजुरी मिळून ६६४ लागले आहेत. म्हणजे अडीच तासांच्या कामाचे २०० च्या ऐवजीं १२४ रुपये पडले, आणि नफा नाहींच. अशा वेळीं दुकानांतली किंमत तेराशेंच्या घरांत नेल्याशिवाय गत्यंतर नसतें. आणि तीच किंमत आपल्या टेबलावरही ठेवावी लागते. दुकानांत तेराशें आणि प्रदर्शनांत नऊशें असा भेद दिसला, तर दुकानदार पुन्हा दारांत उभें करणार नाहीं, आणि त्याचें करणें योग्यच होईल.

गिऱ्हाईक ९८० देत नसेल तर? तर मजुरी कापूं नये, काम कापावें. प्रत्येक मण्यामागें रेशमाची गांठ घातली म्हणजे दोरा तुटला तरी सारे मणी जमिनीवर घरंगळत नाहींत, आणि मण्यावर मणी घासला जात नाहीं. पण वेळ जातो तो या गांठींतच. गांठींवांचून तीच माळ तासाभरांत होत असेल, तर मजुरी ८० रुपये होईल, खर्च ८१४ वरून ६९४ वर येईल, आणि नफा धरून किंमत सुमारें ८३५ होईल. दोन्ही माळा शेजारीं शेजारीं ठेवाव्या आणि फरक कशाचा आहे तें गिऱ्हाइकास सांगावें. पुष्कळदां तें आपण होऊन गांठींची माळ उचलतें; कारण आतां त्याला महागाईचें कारण कळलेलें असतें.

येथें घरांतलीं वडीलधारीं मंडळी एक आक्षेप घेतील. “तासाचे ऐंशीं रुपये कशाला धरावयाचे? एरवीं ती दुपारीं मोकळीच तर असते.” या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे, कारण सर्व गोंधळाचें मूळ येथेंच आहे. सराफाकडे आपण जातों तेव्हां पावतीवर सोन्याचें वजन वेगळें आणि घडणावळ वेगळी लिहिलेली असते. सांगलीस गाडगीळ सराफांची पेढी १८३२ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून आजपर्यंत कितीएक पिढ्यांनीं सराफकट्ट्यावर घडणावळ मोजून दिली असेल. सोनाराचा हात फुकट चालत नाहीं, हें आपणांस मान्य आहे. सांगली जिल्ह्यांतील विटें-आटपाडी भागांतले गलाई कारागीर सोन्याचांदीचें शुद्धीकरण करीत हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत पोंचले आणि त्या कसबावर त्यांनीं गांवाकडे घरें बांधलीं. त्यांनाही कोणी “तुम्ही मोकळेच होतां” असें म्हटलें नाहीं. शेजारच्या हुपरी गांवीं चांदीचीं पैंजणें घडतात, तेथेंही चांदी वजनानें व मजुरी वेगळी मोजली जाते. मग तोच न्याय घरच्या सुनेच्या बोटांना कां लागूं नये?

मजुरीचा दर कसा ठरवावा, याची एक सोपी कसोटी आहे. हेंच काम, इतकेंच सुबक, दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावयाचें झालें तर तिला काय द्यावें लागेल? तोच आपला दर. मात्र आपण शिकाऊ असल्यामुळें अडीच तासांच्या कामास पांच तास लागत असतील, तर जादा अडीच तास गिऱ्हाइकाच्या माथीं मारूं नयेत; ती आपल्या शिक्षणाची फी समजावी. तसेंच चांदीचा भाव धरतांना तो आपण खरेदी केली त्या दिवसाचा न धरतां आजचा धरावा. २०२५ सालीं चांदी किती झपाट्यानें चढली, तें सर्वांनीं पाहिलेंच आहे. जुन्या भावानें विकलेल्या फाशाच्या जागीं नवा फासा त्या पैशांत येत नाहीं.

लिज्जत पापडाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. पापड लाटणें हें आपल्याकडे घरोघर फुकट होणारें काम. त्यांनीं पहिल्यापासून त्याला ‘वणई’, म्हणजे लाटण्याची मजुरी, असें नांव देऊन तें खर्चांत धरलें. पुढें ती संस्था हजारों बायकांची झाली. कामाला नांव मिळालें म्हणजे त्याला वहींत ओळ मिळते, आणि ओळ मिळाली म्हणजे त्याचे पैसे मिळतात. हा क्रम उलटा कधींच लागत नाहीं.

हे पैसे कोणाचे, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रांत स्त्रीधनाची चर्चा मोठ्या बारकाईनें केली आहे. परंतु स्त्रीनें शिल्पकर्मानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व असतें, असें कात्यायनस्मृतींत सांगितलें आहे. माहेरानें दिलेला दागिना तिचा, आणि तिनें स्वतःच्या हातानें मिळविलेला पैसा मात्र तिचा नव्हे, अशी ती व्यवस्था होती. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें ही गोष्ट पालटली. हिंदु स्त्रीनें स्वतःच्या कौशल्यानें अथवा श्रमानें मिळविलेली मालमत्ता ही तिच्या पूर्ण मालकीची आहे, हें त्या कलमांत स्पष्ट आहे. कायदा होऊन पाऊणशें वर्षें होत आलीं. तरीही प्रदर्शनाच्या टेबलावर फोननें पैसे भरण्यासाठीं जो चौकोनी छाप लावलेला असतो, तो पुष्कळदां यजमानांच्या अगर चिरंजीवांच्या खात्याचा असतो. कोणाचा वाईट हेतु नसतो. सोय म्हणून तसें केलेलें असतें. पण वर्षाअखेर आपण काय मिळविलें हें जिला सांगतां येत नाहीं, तिला किंमत वाढविण्याचें धैर्य कोठून यावें?

या बाबतींत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यानें घालून दिलेला धडा सुशिक्षितांनींही घेण्यासारखा आहे. म्हसवड येथें चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिचें बीज अगदीं साधें होतें. उघड्यावर राहणाऱ्या एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्यापूर्वीं ताडपत्रीसाठीं थोडे थोडे पैसे सांठवावयाचे होते, आणि इतकीं लहान रक्कम ठेवून घ्यावयास बँक तयार नव्हती. मग बायकांनींच स्वतःची बँक काढावयाचें ठरविलें. पहिला अर्ज नामंजूर झाला. प्रवर्तक बायका निरक्षर, हें त्याचें एक कारण. त्या बायका रात्रीं अक्षरें गिरवावयास बसल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढें जाऊन म्हणाल्या कीं, आम्हांस वाचतां येत नसेल, पण व्याजाचा तोंडी हिशेब आम्ही करूं. तुमच्या अधिकाऱ्यांनींही यंत्रावांचून करून दाखवावा. अखेरीस परवाना मिळाला. पुढें त्याच संस्थेनें २००६ सालीं खेड्यांतल्या बायकांसाठीं उद्योगशिक्षणाची शाळा काढली. आणि माणदेशी महोत्सव या नांवानें भरणाऱ्या प्रदर्शनांतून घोंगडी, केरसुण्या, मसाले, भाकरी असा माल त्या मुंबईकरांपुढें मांडूं लागल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना हिशेब होता. आणि आपल्या घरांत पदव्या आहेत, पण वही नाहीं!

आतां प्रत्यक्ष विक्रीविषयीं चार गोष्टी. पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत किंवा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत कासाराचें दुकान ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना या गोष्टी नव्या वाटणार नाहींत. कासार बांगड्या दुरून दाखवीत नाहीं. तो बाईचा हात पुढें घेऊन बांगडी चढवितो, आणि चढलेली बांगडी सहसा उतरत नाहीं. म्हणून टेबलावर आरसा अवश्य ठेवावा, आणि माळ गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडूं द्यावी. टेबलावर एकरंगी, शांत कापड असावें. भरजरी शालूवर खडा उठून दिसत नाहीं. सगळा माल एकदम पसरूं नये. दाटीवाटीनें ठेवलेली उत्तम वस्तुही ढिगांतली वाटते.

प्रत्येक नगावर किंमत लिहिलेली असावी. पुष्कळ गिऱ्हाइकें विचारावयास संकोचतात आणि तशींच पुढें जातात. आपणही सांगावयास संकोचतों, तेव्हां दोघांचाही संकोच ती चिठ्ठी वांचविते. माल तीन पायऱ्यांचा ठेवावा: दोन-अडीचशेंच्या आंतलीं कानांतलीं, ज्यांच्यावर सकाळची भवानी होते, मधल्या किंमतीच्या माळा, ज्यांच्यावर भाडें निघतें, आणि एखाददुसरा खास, जास्त मेहनतीचा नग. तो खपला नाहीं तरी बिघडत नाहीं. त्याच्यामुळें आपला हात काय करूं शकतो हें लोकांना दिसतें, आणि मधली माळ महाग वाटत नाहीं.

घासाघीस करणाऱ्यावर रागावूं नये, पण भावही सोडूं नये. “दोन घेतल्यात तर डबी चांगली देईन,” किंवा “वर्षभरांत दोरा सैल झाला तर फुकट गांठवून देईन,” असें सांगावें. पटवेकऱ्याकडे दागिने गांठवावयास नेण्याची आठवण ज्या बायकांना आहे, त्यांना या वचनाची किंमत बरोबर कळते. शेवटच्या संध्याकाळीं उरलेला माल अर्ध्या किंमतींत काढून टाकण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. तसें केलें कीं पुढच्या वर्षीं गिऱ्हाइकें पहिल्या दोन दिवशीं नुसतीं पाहून जातात आणि तिसऱ्या संध्याकाळची वाट पाहतात; आणि ज्यांनीं पहिल्याच दिवशीं पूर्ण किंमत दिली त्यांना आपण मूर्ख ठरवितों.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक मात्र घरचेंच असतें. मावशी येते, आत्या येते, नणंदेच्या जाऊबाई येतात, आणि “घरच्याघरीं कसले ग पैसे?” म्हणून दोन माळा घेऊन जातात. एकत्र कुटुंबांत हा प्रसंग टळत नाहीं, आणि कठोर उत्तर देणेंही शोभत नाहीं. येथें नियम एकच ठेवावा: भेट ती भेट, आणि विक्री ती विक्री. आत्याबाईंना मनापासून द्यावेसें वाटलें तर माळ जरूर द्यावी, नमस्कार करून द्यावी, आणि वहींत ‘भेट’ या सदराखालीं तिची पुरी किंमत लिहावी. पण निम्म्या पैशांत देऊन भेटीचें पुण्यही नाहीं आणि विक्रीचा पैसाही नाहीं, अशी त्रिशंकूची स्थिति करून घेऊं नये. वर्षाअखेर ‘भेट’ सदराची बेरीज केली म्हणजे आपलें औदार्य किती रुपयांचें झालें हें कळतें, आणि पुढच्या वर्षीं तें बेतानें करतां येतें.

घरांतल्या कर्त्या पुरुषांनीं एवढेंच करावें. सुनेचें टेबल मांडावयास मदत करावी, ओझीं उचलावीं, आणि तिनें सांगितलेल्या किंमतीवर लोकांसमक्ष “अग, देऊन टाक” असें म्हणूं नये. एका शब्दानें तिच्या अडीच तासांचें पाणी होतें. सासूबाईंनींही एक करावें: लग्नामुंजींत आहेर द्यावयाचा असेल तेव्हां सुनेच्याच टेबलावरून पूर्ण किंमतीनें एक माळ विकत घ्यावी. घरानें मोजून दिलेली किंमत बाहेरच्या गिऱ्हाइकाला मागतांना मग तिची जीभ अडखळत नाहीं.

ज्या भगिनींना हा उद्योग नेटानें करावयाचा असेल, त्यांनीं आजच एक साधी वही घ्यावी. प्रत्येक नगाला एक ओळ; ओळींत माल, घट, तास, प्रदर्शनाचा वांटा, ठरविलेली किंमत, आणि प्रत्यक्ष आलेले पैसे. शेवटच्या दोन रकान्यांत जो फरक पडेल तो तांबड्या शाईनें लिहावा. तीन प्रदर्शनें होईपर्यंत त्या तांबड्या आंकड्यांकडे कोणालाही न दाखवितां एकटीनें पाहावें. चौथ्या प्रदर्शनांत “केवढ्याला?” असें कोणी विचारलें तर उत्तर आपोआप, शांतपणें आणि पूर्ण आंकड्यांत तोंडून निघेल.